राखीव सड्याची मोजणी

नेइजोनला चूक सापडली तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि उधाणाच्या भरतीला पाच तास वीस मिनिटं उरली होती.

चूक तिची स्वतःची होती, सहा वर्षांपूर्वीची. एनेमाक बेटावर धावपट्टीच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्या आहेत, ती आमची हवामान कचेरी. तिथे बसून नेइजोन लाटांची गणितं करते. गणित म्हणजे काय, तर सगळं बेट आणि त्याच्या कडेचा प्रवाळाचा सडा पाच-पाच मीटरच्या चौकटींत कापायचा. प्रत्येक चौकटीत तिथली खोली लिहायची. मग दूर समुद्रात तरंगणाऱ्या यंत्राने कळवलेली लाट संगणकाला द्यायची आणि विचारायचं, की बाबा, ही लाट सड्यावर कुठे फुटेल, जमिनीवर कुठवर चढेल, कुणाच्या दारात जाईल? पाऊण तासाने नकाशा तयार. निळं ते बुडणार, पांढरं ते कोरडं राहणार. परदेशी पाहुणे येतात ते भिंतीवर लावलेल्या, जुन्या दर्यावर्द्यांनी काटक्या बांधून केलेल्या लाटांच्या नकाशाचे फोटो काढतात आणि जातात. नेइजोनच्या चौकटींकडे ढुंकूनही पाहत नाहीत. बेटावरचे लोक मात्र पाहतात. चार वर्षांत तिचा नकाशा एकदाही खोटा पडला नव्हता.

त्या पहाटेही रेडिओवर तिच्याच नकाशावरून सांगितलं गेलं होतं. उत्तरेकडून लांब लाट येते आहे, दोन लाटांत सोळा सेकंदांचं अंतर, उत्तर टोकाची घरं बुडतील, सगळ्यांनी तिथल्या चर्चमध्ये जमावं. चर्च नकाशावर पांढरंशुभ्र होतं. दहा वाजेपर्यंत एकशे त्रेसष्ट माणसं चटया, तांदळाची पोती, कोंबड्या आणि तान्ही पोरं घेऊन चर्चमध्ये बसली होती. त्यात नेइजोनची आई होती आणि मामाही होते.

साडेअकराला उपग्रहाचा नवा फोटो आला. चर्चसमोरच्या सड्यावर एक काळा पट्टा दिसत होता. नेइजोनने सहा वर्षांपूर्वीचा फोटो काढून शेजारी ठेवला. त्यातही तो पट्टा होता, तिथेच, तसाच. तेव्हा तिने त्याला ढगाची सावली म्हणून सोडून दिलं होतं. पण कुठला ढग सहा वर्षं एका जागी उभा राहतो? तिने चौकटी उघडल्या. चर्चसमोरच्या बेचाळीस ओळींतले आकडे इस्त्री केल्यासारखे सरळ होते, कारण ते मोजलेले नव्हतेच.

चर्चसमोरचा तो सडा म्हणजे मो. सरदारांच्या घराण्यासाठी राखलेली जागा. तिथे कुणी पाय ठेवत नाही, मासा मारत नाही, शिंपलाही उचलत नाही. सहा वर्षांपूर्वी मोजणीच्या काठ्या घेऊन नेइजोन आणि तिचे तीन सोबती ओहोटीच्या वेळी सडा तुडवत निघाले होते. मोच्या हद्दीचा दगड आला तसे चौघेही, एकमेकांशी अवाक्षर न बोलता, किनाऱ्यावर चढले, रस्त्याने दोनशे मीटर चालले आणि पलीकडच्या दगडापासून पुन्हा मोजायला लागले. संध्याकाळी नेइजोनने अलीकडचा आकडा घेतला, पलीकडचा घेतला आणि मधे सरळ रेघ ओढली. कुठे नोंदही केली नाही. नोंद केली असती तर परदेशी तज्ज्ञांनी कारण विचारलं असतं, मग मो म्हणजे काय ते समजवावं लागलं असतं, आणि त्यातला एखादा शहाणा बूट घालून तिथे शिरला असता.

"बिलिमोन, गाडी काढ," ती म्हणाली.

बिलिमोन कचेरीचा ड्रायव्हर, कारकून आणि रेडिओवरचा आवाज, तिन्ही एकटाच. तो दारात नीरफणस भाजत बसला होता. "आता? अगं, हे होत आलंय. सगळं जग बुडायला अजून पाच तास आहेत, तूच सांगितलंस ना?"

"चर्च बुडणार आहे, बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही!" ती ओरडली. "मला माहीत नाही, बिलिमोन. मी तिथं मोजलंच नव्हतं."

बिलिमोनने नीरफणस निखाऱ्यावर तसाच सोडला.

नेइजोनने संगणक सोबत घेतला आणि वाटेत चर्चच्या पाळक एनोसांना फोन लावला. तीनदा कट झाला, चौथ्यांदा लागला. पाळक हसले. "पोरी, इथं ऊन पडलंय. आणि समोर येऊन बघ, मोवरचं पाणी कसं शांत आहे. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत, इथं एक फुटत नाही. आपल्या पूर्वजांनी उगाच इथं चर्च बांधलं का?"

नेइजोनने बिलिमोनला गाडी आणखी जोरात हाकायला सांगितलं. लाट उथळ पाण्यात फुटते. सडा उथळ असतो, म्हणून लाट त्याच्या कडेला फुटते, तिचा जोर तिथेच जिरतो आणि किनाऱ्यावर उरलंसुरलं पाणी येतं. जिथे लाट फुटत नाही तिथे पाणी खोल असतं. आमच्या पणजोबांनी ती शांत जागा पाहिली, देवाचा हात समजले, आणि बरोबर तिच्यासमोर चर्च बांधलं. मोठी लाट त्या वाटेने सबंध आत येईल, हे सांगायला तेव्हा कुणी नव्हतं, आणि आता जी होती तिने रेघ ओढून ठेवली होती.

पाऊण वाजता ते पोहोचले. पायऱ्यांवर पोरं खेळत होती, आत बायका भात वाढत होत्या. नेइजोन दारात उभी राहिली आणि सगळ्यांदेखत तिने चूक कबूल केली. लपवायला वेळच नव्हता.

"मी मोवर पाऊल ठेवलं नव्हतं," ती म्हणाली. "तिथले आकडे माझ्या मनाचे आहेत. हे चर्च कोरडं राहील असं मी सांगितलं, ते कशाच्याही आधाराने सांगितलेलं नाही. चुकलं माझं."

भिंतीशी टेकलेली म्हातारी लिबोन पुढे वाकली. "म्हणजे तू मोवर गेली नाहीस?"

"नाही, आज्जी."

"तुझ्याबरोबरची पोरं?"

"तीपण नाही."

"शहाणी गं माझी बाय," लिबोन सगळ्यांकडे बघत म्हणाली. "कॉलेजात शिकून आली, पण वळण विसरली नाही. बघा, नाहीतर तुमच्या मुली!"

बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी भाताची थाळी तिच्या हातात दिली. आईच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता, की नेइजोनला ती थाळी जमिनीवर आपटावीशी वाटली. ती जितकं खरं बोलत होती तितका लोकांचा तिच्या जुन्या नकाशावर जास्त विश्वास बसत होता. वळणाची मुलगी खोटा नकाशा कसा काढेल?

"मामा कुठायत?" तिने विचारलं.

लॉकेबॉल मामा चर्चच्या मागे नारळाला टेकून बसले होते. वय एकाहत्तर, अंगाने काटक, रविवारची काळी पँट घातलेली. आमच्याकडे जमीन आईच्या बाजूने येते आणि तिचा कारभार मामा बघतो. त्यातून लॉकेबॉल मामा मोचे राखणदार. सरदारांनंतर त्या जागेवर त्यांचाच शब्द चाले. काही माहीत असेल तर यांनाच, या आशेवर नेइजोन चौदा मैल आली होती.

"मामा, मोच्या मधे काळं पाणी आहे. किती खोल आहे ते?"

"मला काय विचारतेस?"

"तुम्ही राखणदार आहात."

"म्हणूनच," मामा म्हणाले. "राखणदाराने सगळ्यात आधी लांब राहायचं. माझे मामा गेले नाहीत, त्यांचे मामा गेले नाहीत. काळं दिसतं ते मीही बघतो लहानपणापासून. खोल आहे, की शेवाळ आहे, की काळा खडक, ते कोण बघणार?"

नेइजोन त्यांच्यासमोर वाळूत बसली. चार पिढ्या सगळ्यांनीच तिथे रेघ ओढली होती.

"मग तुम्ही नुसते उठा," ती अजिजीने म्हणाली. "तुम्ही चालायला लागलात की सगळे मागे येतील. शाळेत नेऊ. माडीवर चढवू."

"शाळेचा रस्ता सखल आहे. तीन वाजल्यापासून बुडणार, हे पहाटे तूच सांगितलंस. ते तरी मोजलेलं आहे ना?"

"आहे."

"मग एकशे त्रेसष्ट जणांना, त्यात तान्ही, त्यात लिबोनसारखी, कोरड्या छपराखालून काढून बुडत्या रस्त्यावर घालू? कशासाठी, फोटोतल्या डागासाठी? वाटेत पाणी आलं तर?" मामांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "नक्की सांग. खोल आहे?"

"नक्की नाही सांगता येत."

"मग काय कळलं तर नक्की सांगशील?"

"किनाऱ्यापासून आठ चौकटी. चाळीस मीटर. तेवढ्यात पाणी गुडघा-मांडीच्या वर गेलं नाही, तर इथंच बसा, चर्च कोरडं राहील. खोल गेलं, तर आत्ता निघायला हवं." ती उठली. "मी जाते. सरदारांना मी तोंड देईन."

ती पाण्याकडे निघाली तशा बायका किंचाळत बाहेर आल्या. आईने तिचा दंड धरला. "नेइजोन, वेड लागलंय का तुला? तिथं पाय ठेवशील तर मला आई म्हणू नकोस!"

"आई, सोड."

"नाही सोडणार!"

तेव्हा मामा मागून आले. त्यांनी पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली होती. "तू गेलीस तर हे सगळे तुझे पाय बघत बसतील," ते शांतपणे म्हणाले. "पाणी कुणी बघणार नाही. मी गेलो तर बघावं लागेल. आणि तुला तो संगणक चालवायचाय ना? मग बस तिथं पायरीवर."

नेइजोनने त्यांना अडवलं नाही. खरं सांगायचं तर तिला आकडे हवे होते.

बिलिमोनने गाडीतला दोर आणला, मामांच्या कमरेला बांधला. दोर तीस मीटरचा होता. दोन वाजायला दहा मिनिटं होती. उन्हात पाणी चमकत होतं, दोन्ही बाजूंना लाटा गडगडत होत्या आणि मोवर फक्त पाणी वर यायचं आणि खाली बसायचं. मामांनी हद्दीच्या दगडापाशी टोपी काढली, तोंडाने काही पुटपुटले आणि आत पाऊल टाकलं. एकशे बासष्ट माणसांनी एकदम श्वास रोखला. कुणीतरी रडायला लागलं.

"गुडघा!" मामा ओरडले.

नेइजोनने पहिल्या चौकटीत लिहिलं. मामा सात पावलं चालायचे, पाणी बसेपर्यंत थांबायचे आणि ओरडायचे.

"गुडघा!"

"गुडघा!"

"मांडी!"

"गुडघा!"

लोकांत कुजबुज सुरू झाली. बघा, उथळच आहे. पाळक एनोसांच्या चेहऱ्यावर हसू आलं. नेइजोनलाही वाटलं, देवा, असंच असू दे, मी खोटी ठरू दे, आयुष्यभर लोक मला हसू देत.

"मांडी!"

दोर ताठ झाला. मामांनी मागे वळून पाहिलं. त्यांचा आवाज आता लाटांत नीट ऐकू येत नव्हता, म्हणून त्यांनी हातानेच विचारलं: पुरे?

नेइजोनने दोन बोटं वर केली. आणखी दोन.

मामांनी मान हलवली, कमरेचा दोर सोडला, आणि पुढे गेले. सात पावलं.

"कंबर!"

आणखी पाच पावलं. सहावं पाऊल टाकलं आणि मामा दिसेनासे झाले. लाट आलीच नव्हती. पायाखाली काही नव्हतं, एवढंच. मग पाणी गोल, गुळगुळीत फुगून आलं, न फुटता त्या जागेवरून किनाऱ्यापर्यंत चालत आलं आणि चर्चची खालची पायरी भिजवून परत फिरलं. परत फिरताना त्याला केवढी ओढ होती ते सगळ्यांना दिसलं. एकदा हात वर आला, तो कितीतरी बाहेर, सड्याच्या कडेजवळ. नंतर काही दिसलं नाही.

चार-पाच बाप्ये धावले. बिलिमोनने एकाला मिठी मारून खाली पाडलं, पाळकांनी दुसऱ्याला धरलं. पुढची लाट तशीच गोल येत होती, आधीच्यापेक्षा उंच.

आता काय करायचं, हे फक्त नेइजोनला ठाऊक होतं. मामांच्या नावाने हंबरडा फोडावा, पाण्यात उडी घ्यावी असं तिच्या जिवाला वाटत होतं, आणि तोंडाने ती भलतंच ओरडत होती. "शाळेकडे चला! सामान टाका! पोरं उचला, म्हातारी उचला, चला!"

"माझा भाऊ आत आहे!" आई ओरडली.

"चल, आई."

"तू बोटं दाखवलीस. मी पाहिलं. तू त्याला दोन बोटं दाखवलीस."

"हो," नेइजोन म्हणाली. "चल."

आता कुणी वाद घातला नाही. पाळक एनोसांनी लिबोनला पाठीवर घेतलं. कोंबड्या, चटया, शिजलेला भात, सगळं तिथेच राहिलं. शेवटची माणसं रस्त्याच्या सखल भागात होती तेव्हा तिथे घोटाभर पाणी आलं होतं. बिलिमोनने तीन खेपा केल्या; तिसऱ्या खेपेला गाडी बंद पडली, ती तिथेच सोडून तो दोन पोरं खांद्यावर घेऊन चालत आला. शाळेच्या माडीवर पाळकांनी चर्चमधून आलेली डोकी मोजली. एकशे बासष्ट. त्यांनी पुन्हा मोजली नाहीत.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मोवरून लाट आली. माडीच्या खिडकीतून सगळ्यांनी पाहिली. ती चर्चच्या पुढच्या दारातून आत शिरली आणि मागची भिंत घेऊन बेटामागच्या खाऱ्या तळ्याच्या बाजूला बाहेर पडली. नेइजोन आईच्या शेजारी बसली होती. आईने आपला घागरा ओढून घेतला, तिचा स्पर्श होऊ नये म्हणून.

मामा सापडले नाहीत. होड्या चार दिवस फिरल्या. सहाव्या दिवशी सरदारांचा निरोप आला: झालं ते झालं, लॉकेबॉलवर दोष नाही, मुलीवरही नाही, पण मो ती मोच राहील, यापुढे कुणी मोजायला जाणार नाही. म्हणजे त्या सड्याचे सात आकडे जगात होते तेवढेच, आणि पुढच्या हिवाळ्यात लाटा पुन्हा येणारच होत्या.

पण गुडघा म्हणजे किती? संगणकाला गुडघा कळत नाही. मांडी म्हणजे कुठवर, कंबर म्हणजे किती, तेही त्या एका माणसाच्या अंगावरचं. अंदाजाने लिहिता आलं असतं. नेइजोनने तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. अंदाजाने लिहायची तिला आता भीती वाटत होती.

नवव्या दिवशी ती आईच्या घरी गेली. नऊ दिवसांत आई तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आई चटईवर बसली होती. नेइजोन दाराशीच थांबली आणि भिंतीकडे बघून बोलली, कारण हे तोंडावर विचारणं अशक्य होतं. आमच्यात बहीण भावाच्या अंगाविषयी बोलत नाही. पायाचं नावही घेत नाही.

"आई, मामांचा गुडघा जमिनीपासून किती उंच होता, ते कुणाला माहीत असेल?"

आई उठली. आतून मामांची एक जुनी पँट घेऊन आली. मामांच्या सगळ्या पँटी तीच शिवायची, जुनीवरून नवी बेतून, त्यांच्या अंगाला कधी टेप न लावता. तिने पँट चटईवर पसरली, सुरकुत्या हातांनी सारख्या केल्या आणि गुडघ्याशी जिथे कापड झिजून पांढरं पडलं होतं तिथून खाली टेप धरला.

"एकोणीस इंच," आई म्हणाली. "त्याला पँट टाचेला टेकलेली आवडायची. तेव्हा एकोणीसच."

नेइजोनने वहीत लिहिलं.

"मांडी कुठवर म्हणाला असेल? इथवर? सत्तावीस लिही. कंबर एकोणचाळीस." टेप गुंडाळता गुंडाळता आईचे हात थांबले. "सात झाले. आठव्याचं काय?"

"आठव्याचा आकडा नाही, आई. तिथं मामा काही बोलले नाहीत."

आईने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, आणि नेइजोनने ती मागितलीही नाही.

"पाच फूट सहा इंच होता तो," आई म्हणाली. "तेवढं तर नक्की होतं ना पाणी? मग तेवढं लिही. ती जागा रिकामी ठेवू नकोस."